२३ नमस्कार, ४ उत्तरं

पत्र :

"मी ५४ वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गेल्या दिवाळीपासून पुन्हा सायकल चालवायला लागले. सायकल साधी, लेडीज. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, गिअर नाहीत. रोज सकाळी सहाला राजाराम पुलापाशी सुरुवात करते आणि धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी करत खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन येते. वाटेत हेल्मेट, गॉगल, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेले सायकलवाले भेटतात. ते एकमेकांना हात करतात. मीही करायला लागले. बहुतेक जण बघतसुद्धा नाहीत. शेवटी मी वहीत नोंद ठेवली. सोमवार ते शनिवार २३ जणांना हात केला, उत्तर दिलं ४ जणांनी. त्यातला एक किरकटवाडीचा शाळकरी मुलगा. मग एका रविवारी भाच्याची गिअरची सायकल आणि त्याचं हेल्मेट घेऊन गेले, तर त्या एका सकाळी ७ जणांनी आपणहून हात केला! म्हणजे नमस्कार मला नसून सायकलला आहे का?

मागच्या आठवड्यात आठ-दहा जणांचा घोळका 'साइड, साइड!' ओरडत इतक्या जवळून गेला की मी कडेच्या खडीत उतरले. रस्त्यावर त्या वेळी दूधवाले, पेपरवाले, ड्यूटीवर जाणारे वॉचमनही असतात, पण त्यांचा काही त्रास नाही, ते आपल्या वाटेने जातात. या हेल्मेटवाल्यांचं काय करायचं? हात करणं सोडून द्यावं का? माझे यजमान म्हणतात, 'तू सायकल चालवायला जातेस की सत्कार घ्यायला?'"

— एक साधी सायकलवाली, सिंहगड रस्ता


ताई,

यजमानांचा प्रश्न चांगला आहे, पण तसं त्यांना सांगू नका.

तुमच्या मनातला संशय आधी उघड बोलून टाकते. हो, सायकल बघून हात करणारे लोक असतात. समोरच्या सायकलचं हँडल वाकडं आहे की सरळ, टायर अंगठ्याएवढा आहे की मनगटाएवढा, हे ते पन्नास पावलांवरून टिपतात आणि मग हात वर करायचा की मनगटावरचं घड्याळ बघायचं ते ठरवतात. लाखाची सायकल घेतलेल्या माणसाला लाखाची सायकल घेतलेला दुसरा कुणी दिसला की हायसं वाटतं. वेडे आपण एकटेच नाही, अशी खात्री पटते. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात तुच्छता असतेच असं नाही. त्यांच्या हिशेबात तुम्ही सायकलवाल्या नसताच. बास्केट दिसली की 'बाई भाजीला निघाल्यात' एवढंच त्यांना कळतं. हे मनाला लागतं, आणि लागावं असंच आहे.

पण तुमच्या प्रयोगाला एक भोक आहे. भाच्याची सायकल तुम्ही रविवारी नेलीत. रविवारी सकाळी त्या रस्त्याला सायकलींची जत्रा असते. लोक सुट्टीच्या आनंदात असतात, कुणाला नऊची मीटिंग नसते. वहीतले २३ जण मात्र आडवारचे. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईने दोन वेगळ्या खात्यांचे आकडे शेजारी मांडून ताळा करावा? एकदा तुमची स्वतःची सायकल रविवारी न्या आणि भाच्याची बुधवारी. फरक तरीही राहील, पण ७ आणि ४ इतका राहील असं मला वाटत नाही.

आता जरा समोरून येणाऱ्याच्या सीटवर बसून बघा. तो ताशी ३० च्या वेगाने येतोय, तुम्ही १५ च्या. म्हणजे तुमच्या दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतंय. कोवळ्या उजेडात समोरचा चेहरा आणि वर आलेला हात नीट ओळखू येईपर्यंत पंचवीसेक मीटरच उरतात. म्हणजे हातात आले दोन सेकंद. त्यात त्याने तुम्हाला बघायचं, हा हात आपल्याला केलाय हे समजून घ्यायचं आणि स्वतःचा हात सोडायचा. तोही अशा रस्त्यावर, जिथे चेंबरचं झाकण एक तर रस्त्याच्या वर असतं नाहीतर खाली! त्या सायकलींचे टायर २५-२८ मिलिमीटर रुंद, हवा ठासून भरलेली. दोन्ही हात हँडलवर असताना खड्डा आला तर दात वाजतात. एकच हात असताना आला तर दात हातात येतात.

म्हणून सरावलेले लोक हात उचलतच नाहीत. ब्रेकवरची दोन बोटं वर करतात किंवा हनुवटी जराशी हलवतात. तुम्ही त्या बोटांकडे बघितलं होतं का? गॉगलमागे डोळे दिसत नाहीत, तेव्हा हसले की नाही तेही कळत नाही. वहीतल्या १९ बेदखल नमस्कारांपैकी चार-पाच जणांनी तरी आपल्या परीने उत्तर दिलं असणार. ते जमेच्या बाजूला चढलं नाही.

चढावर तर कुणाकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका. सिंहगडाच्या घाटात, कात्रजच्या जुन्या घाटात किंवा बोपदेवला चढणारा माणूस त्या वेळी माणूस नसतो, लोहाराचा भाता असतो. माझा स्वतःचा नियम असा, की उतरणाऱ्याने चढणाऱ्याशी आधी बोलायचं आणि उत्तरासाठी थांबायचं नाही. मी बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, आयुष्यात एकदाच केली. ही शर्यत नसते, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, मला तेरा तास दहा मिनिटं लागली. शेवटच्या टप्प्यात, अंधार पडल्यावर, मागून एक अनोळखी मुलगा आला. माझ्या बरोबरीला आल्यावर "चला, चला काकू" एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. त्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्यामागे सायकल मारत राहिले. उत्तर मात्र दिलं नाही, द्यायला तोंडात काही शिल्लकच नव्हतं. त्याने वही ठेवली असेल तर त्याच्या वहीत मी एक उद्धट काकू आहे.

हा हात करायचा प्रकार आला कुठून, याचाही विचार करून बघा. मी शाळेत होते तेव्हा, १९७०च्या दशकात, पुणं सायकलींचंच होतं. अलका टॉकीजच्या चौकातून, लक्ष्मी रस्त्यावरून सायकलींचे लोंढे वाहायचे. डबलसीट जाणाऱ्याला किंवा रात्री दिवा नसलेल्याला हवालदार अडवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. मग हातात सायकल धरून घरापर्यंत वरात. त्या काळात 'तूही सायकलवर, मीही सायकलवर' म्हणून कुणी अनोळखी माणसाला हात केल्याचं मला आठवत नाही. केला असता तर त्याने घरी जाऊन 'तो कोण होता बरं' म्हणून डोकं खाजवलं असतं. माझी भाची नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहते. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. ती म्हणते, इथे प्रत्येक सायकलवाल्याला हात करायचा म्हटला तर घरी पोचेपर्यंत तो खाली येणार नाही.

ही रीत पडते ती सायकली थोड्या उरल्यावर. मोटारी, डंपर, रिक्षा यांच्या दाटीत दुसरी सायकल दिसली की 'अरे, तूही अजून आहेस का?' असं विचारल्यासारखा तो हात असतो. पुरातून वाचलेल्यांनी एकमेकांना खूण करावी तसा.

आणि वाचलेल्यांत कोण कोण? इथे मला तुमच्या पत्राकडे परत यायचंय. दूधवाले, पेपरवाले, वॉचमन असतात, त्यांचा काही त्रास नाही, ते आपल्या वाटेने जातात, असं तुम्ही लिहिलंत. ताई, तेही सायकलवरूनच जातात ना? तुमच्याच रस्त्यावरून, तुमच्याच वेळेला, पावसाळा धरून बारा महिने. तुमच्या २३ जणांत त्यांतला एकही नाही. हेल्मेटवाल्याला तुम्ही भाजीला निघालेली बाई दिसलात. तुम्हाला वॉचमन कोण दिसला?

टोचून बोलतेय, कारण हीच चूक मी कित्येक वर्षं केली. आणि सुधारायला गेले तेव्हा काय झालं तेही ऐका.

आमच्या भागात सायकलवरून इडली विकणारा एक जण येतो. कॅरिअरला ॲल्युमिनियमचं भलं मोठं पातेलं, हँडलला चटणीची आणि सांबाराची किटली, आणि तो भोंगा, पों पों. एके दिवशी मी ठरवलं की आजपासून यालाही हात करायचा. समोरून आला. मी हात केला, चांगला उंच. त्याने करकचून ब्रेक दाबले. मागच्या वजनाने सायकल घसरत थोडी पुढे गेली, पाय घासत घासत त्याने ती आवरली, उतरला, स्टँड लावला, झाकण उघडलं, वाफ आली. "किती?"

सकाळचे साडेसहा. 'काही नको हो, सहज हात केला' असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते? चार इडल्या घेतल्या आणि तिथेच उभी राहून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी हात हँडलवर गच्च धरून ठेवले, तर तो आपणहून थांबला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की वर केलेला हात म्हणजे नमस्कार, ही एका टोळीपुरती भाषा आहे. विकणाऱ्याच्या भाषेत तो हात म्हणजे गिऱ्हाईक. रात्रपाळी करून घरी निघालेल्या वॉचमनला तो 'थांब' असा दिसतो, कारण रात्रभर तो स्वतः गाड्यांना तसाच हात करत असतो. शाळकरी पोराला वाटतं टाळी मागताय, आणि ते हँडल सोडून टाळी द्यायला येतं (चालत्या सायकलवर टाळी देऊ नका, दोघंही पडाल). तर या सगळ्यांशी तोंडाने बोलायचं. तुमचा आणि त्यांचा वेग जवळपास सारखाच असतो, दोन सेकंदांची अडचण तिथे नाही. "राम राम दादा." "आज उशीर?" काही सुचलं नाही तर नुसती मान हलवली तरी पोचतं. चार दिवस उत्तर येणार नाही, पाचव्या दिवशी समोरून आधी येईल, आणि महिन्याभराने तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर "बरं नव्हतं का?" अशी चौकशी होईल. हेल्मेटवाल्यांच्या दोन बोटांत एवढं मावत नाही.

सगळ्यांना मिळून एकच हाक हवी असेल तर ती आपल्याकडे आहेच. वारीत कुणी कुणाला ओळखत नसतं, तरी जो तो दुसऱ्याला माउली म्हणतो. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तिथे "राम कृष्ण हरी" म्हणताना समोरच्याच्या सायकलला गिअर किती हे कुणी मोजत बसत नाही. सिंहगड रस्त्यावर मंगळवारी सकाळी अनोळखी माणसाला "माउली" म्हणायला जरा धीर लागतो, हे मात्र कबूल. मला अजून झालेला नाही.

घोळक्याची गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात चूक संपूर्ण त्यांची. मागच्याला पुढचं दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही, त्यामुळे जपायचं काम मागच्याचं. त्यात 'साइड' म्हणजे कुठली साइड? काही जण नुसतं 'लेफ्ट!' ओरडतात. आता ते डावीकडून येताहेत की आपल्याला डावीकडे ढकलताहेत, हे कळेपर्यंत ते येऊन गेलेले असतात. आपल्याकडे पुढे जायचं ते उजव्या बाजूने. तेव्हा वीस-पंचवीस पावलं आधी, माणसाच्या आवाजात, "उजवीकडून येतोय ताई, आठ जण आहोत" एवढं पुरतं. शेवटच्याने "मी शेवटचा" म्हणून सांगावं, म्हणजे पुढच्या माणसाचा श्वास मोकळा होतो. चांगल्या घोळक्यांत हे शिकवतात. पुढचा खड्डा दिसला की हाताने खाली दाखवतो, थांबायचं असेल तर मूठ वर करतो. आपसांत इतक्या खुणा करणाऱ्यांना परक्या बाईसाठी एक वाक्य जड जाऊ नये.

यात घंटीचाही एक वाटा आहे. महागड्या सायकलींना बहुतेकदा घंटीच नसते. दुकानातून येतानाच नसते किंवा हौसेने काढून ठेवलेली असते, वजन वाचावं म्हणून. वाचलेलं वजन मूठभर शेंगदाण्यांएवढं, आणि त्यापायी जन्मभर घसा खरवडायचा! शिवाय घंटी वाजवणं उद्धटपणाचं, असं काहींना वाटतं. देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो ती काय देवावर खेकसायला? तुमच्या सायकलला घंटी असेलच. पायी फिरणाऱ्यांच्या मागून जाताना ती लांबून एकदाच वाजवा आणि वेग कमी करा. चौघीजणी हातात हात घालून आडव्या चालल्या असतील आणि विषय सुनेपर्यंत आला असेल, तर घंटी ऐकू जाणार नाही. पाय टेकवायची तयारी ठेवा.

पुन्हा कुणी मागून ओरडलं तर खडीत उतरू नका. एकदम डावीकडे गेलात तर पडाल तुम्ही, एकदम उजवीकडे आलात तर पडतील दहा जण. आपली रेघ सरळ धरून ठेवा. आणि मुळात रस्त्याच्या अगदी काठाने चालवायची सवय सोडा, हातभर आत राहा. आपल्या बायकांना वाटतं की काठाला राहिलं की कुणाची अडचण होत नाही. पण काठावर असलं की मागचे लोक आपल्याला नसल्यासारखंच धरतात.

आणखी एक, जे यजमानांना सुचणार नाही. पहाटे एकट्या बाईला हात करायला बरेच तरुण कचरतात. 'काकूंना भलतंच वाटलं तर?' ही भीती खरी असते आणि चांगल्या घरच्या मुलांना ती जास्त असते. त्यांचं खाली बघणं दर वेळी तोऱ्यातूनच येतं असं नाही. उलट बाजूही सांगते. एखादा बरोबरीने सायकल चालवत "रोज एकट्याच येता? राहता कुठे?" असं विचारायला लागला तर त्याला तुम्ही हसूही देणं लागत नाही. पहिली टपरी दिसली की उतरा आणि त्याला पुढे जाऊ द्या. त्या बाबतीत अंगाने जे वाटतं ते बहुधा बरोबर असतं.

हात करण्याची हौस फिटवायची असेल तर त्याहून चांगली संधी रोज मिळते. कडेला सायकल उलटी करून कुणी बसलेला दिसला की वेग कमी करून "सगळं ठीक ना?" विचारा. याला उत्तर न देणारा मला आजवर भेटलेला नाही, मग सायकल कुठलीही असो. तुम्हाला पंक्चर काढता येत नसेल, त्याच्या नाजूक चाकाला तुमचा पंप बसणारही नाही. पण त्या रस्त्यावरचा कुठला पंक्चरवाला सकाळी सातला शटर वर करतो, हे तुम्हाला माहीत असणार. तो बिचारा बाणेरहून आलेला असतो.

आणि त्या घोळक्याला धरणापाशी गाठा. हे लोक चहा-पोह्यांसाठी थांबल्याशिवाय परत फिरत नाहीत. त्यांच्या सायकलींना स्टँड नसतो, म्हणून भिंत, खांब, झाड, जे मिळेल त्याला टेकवून ठेवतात. तुम्ही तुमची सायकल त्यांच्या शेजारी ऐटीत स्टँडवर लावा, चहा सांगा आणि म्हणा, "परवा तुम्ही ज्यांना साइड मागितलीत ना, ती मीच." रागावू नका, नुसतं सांगा. त्यांच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायचे क्लीट असतात, त्यामुळे सायकलवरून उतरल्यावर ते टक टक करत बदकासारखे चालतात. हातात पोह्यांची बशी घेऊन बदकासारखं चालणाऱ्या माणसाला तोरा दाखवणं फार अवघड जातं. दोन बशा होईपर्यंत तुमच्या बास्केटची चौकशी होते की नाही बघा. बहुतेक त्यांतला एखादा तिच्यात आपलं जॅकेट ठेवायला देईल.

हात करणं सोडायचं का, हे तुम्ही विचारलं होतंत. हेल्मेटवाल्यांना करत राहा, वही मात्र बंद करा. त्या शाळकरी मुलाला आधी करा, तो तुमचा जुना खातेदार आहे. दूधवाल्याला मात्र तोंडानेच राम राम. हात केलात तर तो थांबेल, तुम्हाला अर्धा लिटर घ्यावं लागेल, आणि बास्केट बघून तो एक लिटर देईल.